पात्रतेची व्याख्या बदलणाऱ्या उद्योजिका

महिला उद्योजकांचे कौतुक करताना आपण त्यांच्या जिद्दीची गोष्ट सांगतो आणि त्यांनी घडवलेल्या नियमांकडे दुर्लक्ष करतो. धोरणकर्त्यांना शिकण्यासारखे जे आहे, ते त्या नियमांतच आहे.

१९७२ साली अहमदाबादमध्ये कामगार संघटनेच्या नोंदणीसाठी एक अर्ज आला आणि अधिकारी बुचकळ्यात पडले. अर्जदार होत्या डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, हातगाड्या ओढणाऱ्या, पदपथावर भाजी विकणाऱ्या आणि भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेऊन ते बाजारात विकणाऱ्या स्त्रिया. अधिकाऱ्यांचा प्रश्न सरळ होता. या बायकांना मालकच नाही, मग त्यांची संघटना लढणार कोणाशी? इला भट्ट यांचे उत्तरही तितकेच सरळ होते. संघटना कामगारांच्या एकीसाठी असते. समोर मालक असलाच पाहिजे अशी तिची अट नाही. बऱ्याच वादानंतर त्याच वर्षी एप्रिल महिन्यात ‘सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन’ अर्थात ‘सेवा’ची नोंदणी झाली. आज तिची सदस्यसंख्या २० लाखांहून अधिक आहे.

इला भट्ट यांना सहसा कोणी उद्योजक म्हणत नाही आणि त्या अर्जावरच्या स्त्रियांना तर नाहीच नाही. पण स्वतःचे तुटपुंजे भांडवल रोज पणाला लावणारी, मालाची पारख करणारी, भाव ठरवणारी आणि संध्याकाळी नफा-तोट्याचा हिशेब एकटीने पचवणारी व्यक्ती उद्योजक नसेल, तर त्या शब्दाला काय अर्थ उरतो? भारतातील स्त्रियांच्या उद्योजकतेचा विचार मी या अर्जापासून सुरू करतो, कारण तिचे खरे वैशिष्ट्य त्यात दिसते. या स्त्रियांनी प्रचलित नियमांत बसण्याची धडपड केली नाही. नियमच अपुरा आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

उद्योगक्षेत्रातील स्त्रियांच्या नेतृत्वावर आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते. दिल्ली आणि मुंबईच्या सभागृहांत होणाऱ्या अशा चर्चा मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्यांचा सूर बहुधा ठरलेला असतो. आत्मविश्वास बाळगा, संपर्क वाढवा, वाटाघाटी करायला शिका, घर आणि काम यांचा समतोल साधा. या सल्ल्यात खोटे काही नाही. परंतु त्यामागील गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. व्यवस्था ठीक आहे, कमतरता स्त्रीमध्ये आहे आणि ती प्रशिक्षणाने भरून काढता येईल, असे ते गृहीतक आहे. ज्या उद्योजिकांकडून आपण धडे घेऊ पाहतो, त्यांचे चरित्र नेमके याच्या उलट सांगते. पात्र कोण आणि अपात्र कोण, हे ठरवण्याची व्यवस्थेची रीतच सदोष आहे, हे त्यांनी ओळखले आणि पर्यायी रीत घालून दिली. माझ्या मते त्यांच्या नेतृत्वाचा गाभा हाच आहे.

सहीऐवजी छायाचित्र

‘सेवा’च्या स्त्रियांची पुढची अडचण कर्जाची होती. सकाळी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि संध्याकाळी जबर व्याजासह परत करायचे, असा त्यांचा रोजचा व्यवहार. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर सरकारने गरिबांना कर्ज देण्याचे आदेश दिले होते, पण बँकेच्या कारकुनाला या अशिलांचे काय करावे हे समजत नव्हते. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या येण्याच्या वेळा बँकेच्या वेळांशी जुळत नव्हत्या. त्या मुलांना कडेवर घेऊन येत. तेव्हा सदस्यांच्या बैठकीत आपलीच बँक का काढू नये, असा प्रश्न एका सदस्येने विचारला. आपण गरीब आहोत, पण संख्येने कितीतरी आहोत, असा त्यावरचा युक्तिवाद होता. १९७४ मध्ये सुमारे ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन सहकारी बँक उभी केली. नोंदणीच्या कागदांवर सह्या करताना चूक होऊ नये म्हणून प्रवर्तक सदस्या आदल्या रात्री जागून आपले नाव गिरवत बसल्या होत्या.

परंतु हजारो खातेदारांना रात्रभर बसवून सही शिकवता येत नाही. म्हणून बँकेने ओळख पटवण्याची पद्धतच बदलली. खातेदाराचे छायाचित्र हीच तिची ओळख ठरली. बचत गोळा करण्यासाठी कर्मचारी वस्त्यांमध्ये आणि बाजारांत जाऊ लागल्या. आज ‘आर्थिक समावेशन’ या भारदस्त नावाखाली ज्या गोष्टींची वाखाणणी होते, त्यांतल्या कित्येकांचा उगम गरजेपोटी काढलेल्या या साध्या उपायांत आहे.

पुढे दोन दशकांनी सातारा जिल्ह्यातील म्हसवडमध्येही असाच अनुभव आला. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने गावच्या स्त्रियांनी बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला. रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. प्रवर्तक स्त्रियांनी सहीच्या जागी अंगठे उमटवले होते, हे त्याचे कारण. स्त्रिया साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही गणकयंत्राविना ते काढायला सांगा, असे त्यांचे आव्हान होते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. साक्षरता आणि आर्थिक जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी देशाच्या मध्यवर्ती बँकेला शेतमजूर स्त्रियांनी समजावून दिले.

श्रमातून मालकी

पात्रतेचा प्रश्न केवळ कर्जापुरता नसतो. उद्योगाचा मालक कोणाला म्हणायचे, हा त्याहून मूलभूत प्रश्न आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी पेटवली. ‘लिज्जत’ची ही कहाणी मराठी वाचकांना नवी नाही. परंतु ती बहुधा कष्टाची आणि चिकाटीची कहाणी म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातील संघटनेचे नियम अधिक मोलाचे वाटतात.

श्री महिला गृहउद्योगात जी स्त्री काम करते, ती सहमालक असते. जात, धर्म वा शिक्षण यांची अट नाही. पुरुष पगारी नोकर होऊ शकतात, सदस्य होऊ शकत नाहीत. निर्णय सहमतीने होतात आणि एखाद्या सदस्येचा विरोध निर्णय रोखू शकतो. नफा-तोटा सर्वांचा. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड काढण्याचा विचार होता. ज्यांनी उसने पैसे दिले होते, त्या छगनलाल पारेख यांच्या सल्ल्याने तो सोडून देण्यात आला. हलका माल काढायचा नाही आणि तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हे तेव्हा ठरले. भांडवल गुंतवणारा तो मालक, ही उद्योगजगतातील रूढ कल्पना. इथे श्रम गुंतवणारी ती मालकीण झाली. आज ४० हजारांहून अधिक स्त्रिया या संस्थेच्या सदस्य आहेत. सकाळी मळलेले पीठ घरी न्यायचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि तिथल्या तिथे मजुरी घ्यायची, ही पद्धत घराबाहेर दिवसभर राहू न शकणाऱ्या स्त्रीचा विचार करून आखलेली आहे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही उघड आहेत. लाटण्याच्या मजुरीतून घर चालते असे नाही; घराला हातभार लागतो. सहमतीचा मार्ग संथ असतो. पण सहा दशकांहून अधिक काळ, किती पिढ्यांच्या नेतृत्वबदलानंतरही, ही संस्था कोणा एका कुटुंबाची झाली नाही. आपल्याकडील कौटुंबिक उद्योगघराण्यांचे आणि अनेक सहकारी संस्थांचेही काय झाले, हे पाहिले की या गोष्टीचे महत्त्व कळते.

याच्या दुसऱ्या टोकाला किरण मजुमदार-शॉ यांचे उदाहरण आहे. तिथे सामूहिक मालकी नाही, तर भांडवली बाजारात नोंदलेली औषधनिर्मिती कंपनी आहे. तरीही सूत्र तेच आढळते. ऑस्ट्रेलियातून मद्यनिर्मितीचे शास्त्र शिकून त्या भारतात परतल्या, तेव्हा मद्यनिर्मितीचे प्रमुखपद हे पुरुषांचे काम आहे, असे त्यांना सांगण्यात आले. १९७८ मध्ये वयाच्या पंचविशीत, १० हजार रुपये भांडवलावर, त्यांनी बेंगळुरूमधील भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये एका आयरिश कंपनीच्या भागीदारीत बायोकॉनचे काम सुरू केले. वय कमी, क्षेत्र अनोळखी आणि अर्जदार स्त्री, या तिन्ही कारणांनी बँका कर्ज देण्यास कचरत होत्या. स्त्रीच्या हाताखाली काम करायला माणसे तयार नव्हती.

मद्यनिर्मिती म्हणजे मुळात किण्वनाचे शास्त्र. दारे बंद झाली ती मद्याच्या कारखान्याची. किण्वनाचे ज्ञान तर हाताशी होते. त्यातून आधी पपईपासून मिळणाऱ्या पपेनसारखी विकरे बनवून निर्यात झाली आणि पुढे त्याच ज्ञानाच्या बळावर कंपनी इन्सुलिनपर्यंत पोहोचली. २००४ मध्ये ती शेअर बाजारात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिचे बाजारमूल्य एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले. व्यवस्थेने ज्या शिक्षणाला निरुपयोगी ठरवले होते, त्याच्यावरच हा उद्योग उभा राहिला.

शेजारणींनी ठरवलेली गरिबी

१९९८ मध्ये केरळने ‘कुटुंबश्री’ सुरू केली, तेव्हा गरीब कोण हे ठरवण्याची प्रचलित रीत उत्पन्नाची होती. उत्पन्न लपवता येते आणि कागदावर हवे तसे दाखवता येते. कुटुंबश्रीने त्याऐवजी डोळ्यांना दिसणारी नऊ लक्षणे घेतली. घरात शौचालय आहे का, पिण्याचे पाणी जवळ आहे का, घर पक्के आहे का, कमावते माणूस किती, अशी ती लक्षणे. ती पडताळणार शेजारच्याच स्त्रिया. दहा-वीस कुटुंबांचा एक शेजारगट, प्रभागस्तरावर त्यांची समिती आणि त्यावर पंचायत वा पालिका स्तरावरची संस्था, अशी तीन पायऱ्यांची ही रचना आहे. प्रत्येक पायरीवर निवडणूक होते. एका कुटुंबातून एकच स्त्री सदस्य होऊ शकते. आज ४० लाखांहून अधिक कुटुंबे तिच्याशी जोडलेली आहेत.

उपाहारगृहे, सामूहिक शेती, कचरा संकलन अशी कामे या गटांनी केली. कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा स्थानकांवरील तिकीट आणि स्वच्छतेसारख्या सेवांसाठी कुटुंबश्रीच्या मार्फत मनुष्यबळ घेण्यात आले. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक परिणाम. गटाचे हिशेब ठेवणारी, सभा चालवणारी, बँकेत आणि पंचायतीत जाऊन बोलणारी स्त्री पुढे निवडणुकीला उभी राहू लागली. केरळमधील स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्यावर कुटुंबश्रीच्या सदस्या मोठ्या संख्येने निवडून आल्या. उद्योजकता आणि नागरिकत्व यांत आपण मानतो तेवढे अंतर नाही.

नाव स्त्रीचे, लगाम कोणाचा?

येथवरचे चित्र उत्साहवर्धक आहे. पण तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्त्रियांचा गट म्हटला की यश ठरलेले, असे मुळीच नाही. नव्वदच्या दशकापासून बचतगट आणि बँका यांची जोडणी ज्या आंध्र प्रदेशात सर्वाधिक फोफावली, तिथेच २०१० मध्ये सूक्ष्मवित्ताचे संकट उद्भवले. देशातील तेव्हाच्या सर्वांत मोठ्या सूक्ष्मवित्त कंपनीने त्या वर्षी ऑगस्टमध्ये शेअर बाजारात दणदणीत प्रवेश केला. एकाच घराला अनेक कंपन्यांची कर्जे, वसुलीसाठी गटातील इतर स्त्रियांकरवी दबाव आणि कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या, या पार्श्वभूमीवर ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. कर्ज घेणाऱ्या स्त्रियाच होत्या आणि गटही स्त्रियांचेच होते. फरक इतकाच की नियम त्यांनी केलेले नव्हते. ‘सेवा’मध्ये परस्परांवरील विश्वास हे स्त्रियांचे भांडवल होते. इथे तोच विश्वास वसुलीचे हत्यार झाला.

आपल्या आकडेवारीकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशातील सुमारे १४ टक्के आस्थापना स्त्रियांच्या मालकीच्या होत्या. त्यांची संख्या ८० लाखांच्या घरात होती, पण दर पाचांपैकी चार ठिकाणी एकही पगारी कामगार नव्हता. ताज्या श्रमबल सर्वेक्षणांत स्त्रियांचा सहभाग झपाट्याने वाढलेला दिसतो. २०१७-१८ मध्ये तो १५ वर्षांवरील स्त्रियांत २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. यातील मोठी वाढ स्वयंरोजगाराची आहे आणि या ‘स्वयंरोजगारी’ स्त्रियांत घरच्या शेतीत किंवा दुकानात विनावेतन राबणाऱ्यांचा वाटा बराच आहे. पर्याय नाही म्हणून केलेले काम आणि संधी पाहून उभा केलेला उद्योग यांना एकाच रकान्यात टाकून आपण कोणाची फसवणूक करत आहोत?

नावापुरत्या मालकीचाही प्रश्न आहे. सवलती मिळाव्यात म्हणून पत्नीच्या नावावर नोंदवलेला उद्योग पती चालवतो, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत विचारले तर कळेल. याच्या उलटही तितकेच घडते. दुकान ती सांभाळते, परवाना त्याच्या नावावर असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे सक्तीचे केले, तेव्हा मुदत संपत आली म्हणून अनेक प्रवर्तकांनी घरातल्याच स्त्रीला खुर्चीवर बसवले. पुढे ‘सेबी’ला मोठ्या कंपन्यांमध्ये स्वतंत्र महिला संचालक असावी, अशी वेगळी अट घालावी लागली. नियम कागदोपत्री पाळला गेला की त्याचा हेतू सफल झाला, असे होत नाही.

धोरणाने काय शिकावे?

याचा अर्थ सरकारी योजना व्यर्थ आहेत, असा नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील सुमारे दोन तृतीयांश कर्जखाती स्त्रियांची आहेत. २०१६ च्या ‘स्टँड-अप इंडिया’ने बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एका स्त्रीला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे ठरवले. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाच्या गटांत सुमारे १० कोटी स्त्रिया आहेत. पाया भक्कम आहे. प्रश्न पुढच्या मजल्यांचा आहे आणि तिथे मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट मधल्या कर्जाची. मुद्रातील स्त्रियांची बहुतेक कर्जे ५० हजार रुपयांपर्यंतच्या ‘शिशु’ गटातील असतात. तिथून १० लाखांकडे जाण्याच्या वाटेवर तारण मागितले जाते, आणि जमीन किंवा घर स्त्रीच्या नावावर क्वचितच असते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू स्त्रीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. पण हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही घराघरांत आहेत. अशा स्थितीत दहा-पंधरा वर्षे गटात नियमित परतफेड करणाऱ्या स्त्रीचा तो इतिहास हीच तिची पत मानायला काय हरकत आहे? सही येत नाही म्हणून छायाचित्र चालते, हे १९७४ मध्ये मान्य झाले. जमीन नाही म्हणून परतफेडीचा इतिहास चालतो, हे मान्य करायला आपण इतका उशीर का लावावा?

दुसरी गोष्ट बाजारपेठेची. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीतील २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून आणि त्यांतील ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून करावी, असे धोरण २०१८ पासून आहे. शाळेचे गणवेश, अंगणवाडीचा आहार, रुग्णालयातील कपड्यांची धुलाई अशी कामे राज्ये आणि पालिकाही या उद्योगांना देऊ शकतात. मात्र देयके वेळेवर मिळाली पाहिजेत. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. जिच्याकडे राखीव भांडवल नाही, तिच्यासाठी सहा महिने रखडलेले देयक म्हणजे उद्योगाचा शेवट असतो.

तिसरी गोष्ट वेळेची. गिरगावातल्या त्या गृहिणींनी कामाची रचना घराच्या वेळापत्रकाभोवती केली, कारण त्यांना दुसरा मार्ग नव्हता. हा त्यांचा शहाणपणा होता. तो समाजाने कायमचा गृहीत धरू नये. पाळणाघर, नळाचे पाणी, सुरक्षित बससेवा आणि बाजारातील स्वच्छतागृह यांचा उल्लेख उद्योगधोरणाच्या दस्तऐवजात सहसा नसतो. तो असायला हवा, कारण स्त्रीच्या उद्योगाचा दिवस त्यांच्यावरच लांबतो किंवा आखडतो.

चौथी गोष्ट मोजमापाची. ‘लखपती दीदी’ योजनेचे लक्ष्य २ कोटींवरून ३ कोटी स्त्रियांवर नेण्यात आले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या पुढे जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या उत्पन्नाचे काय करायचे, हे कोण ठरवते? बँकेचे खाते कोण हाताळते? नवे यंत्र घ्यायचे की मोटारसायकल, याचा निर्णय कोणाचा? केरळने गरिबी मोजण्यासाठी नऊ साधी लक्षणे शोधली. तशीच चार-सहा लक्षणे आर्थिक निर्णयाधिकार मोजण्यासाठी शोधणे अवघड नाही. जे आपण मोजत नाही, त्यासाठी प्रशासन काम करत नाही.

या चारही सूचनांना खर्च फारसा येत नाही. अडचण आहे ती अधिकार सोडण्याची. योजना आखणारे वर असतात आणि ‘लाभार्थी’ खाली, ही आपली प्रशासकीय सवय जुनी आहे. अहमदाबाद, म्हसवड, गिरगाव वा केरळमधील स्त्रियांनी लाभार्थी होण्यात समाधान मानले असते, तर त्यांना चार पैशांचे अनुदान मिळाले असते आणि देशाला एकही नवी संस्था मिळाली नसती. नियम लिहिण्याच्या टेबलाशी त्यांना जागा देणे, हा त्यांच्याकडून शिकण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. जिल्ह्याची पतयोजना ठरवणाऱ्या बैठकीत बँकांचे अधिकारी असतात, सरकारी खात्यांचे प्रतिनिधी असतात. तिथे बचतगटाच्या महासंघाची निवडून आलेली अध्यक्ष मतासह बसलेली असेल, तेव्हा आपण काही शिकलो असे म्हणता येईल.